लेकींचा हक्क गेला म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी आत्तीचा फोन आला. "पोरी, कोर्टानं आमची नावं काढली म्हणं उताऱ्यावरनं. उद्या सही करायला बोलिवलंय." मी सांगलीहून दुपारी तिच्या घरी पोचले, तर दाराजवळच्या खुंटीला पिशवी तयार. आत आधार कार्ड, दोन फोटो आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा. वय 68. हे सगळं भावकीच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळं.

मेसेज असा: हायकोर्टाचा ऐतिहासिक निकाल, लग्न झालेल्या मुलींचा बापाच्या जमिनीवरचा हक्क संपला. लग्नात दिलं तोच तिचा वाटा. 12 वर्षांत मागितला नाही तर हक्क बाद. महिनाअखेरपर्यंत हक्कसोड केली नाही तर तलाठी नाव कमी करणार, वर दंड.

2025 च्या ऑगस्टात कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झाल्यापासून आपल्याकडं कोर्टाच्या बातम्या घरोघर पोचतात. चांगलंच आहे. पण निकाल कुणाच्या खटल्यातला, वडील कधी वारले, एवढं तरी वाचा की.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण नुकसान त्यानंच होणार आहे. महिनाअखेरची मुदत आणि दंड कुठल्याही कायद्यात नाही. तलाठी आपल्या मनानं वारसाचं नाव काढू शकत नाही. फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावात बदलाची नोंद, धरला तर जमीन महसूल संहितेच्या कलम 150 खाली संबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकतीला 15 दिवस असतात. आणि फेरफारानं मालकी जात नाही, ती महसुलाची नोंद आहे. मालकी जाते हक्कसोडपत्रानं, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या दस्तानं. ते नोंदणीकृत असतं, आपण स्वतः अंगठा-सही करून दिलेलं असतं. एकदा झालं की रद्द करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणजे मेसेज ज्या गोष्टीची भीती घालतो, ती गोष्ट तो बाईच्याच हातानं करवून घेतो. आत्तीचं नाव त्या सातबाऱ्यावर भावांच्या खाली स्वच्छ छापलेलं आहे. मी तिचं बोट धरून ते दाखवलं.

आता "हक्क संपला". मुंबई उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2024 चा निकाल खरा आहे, एवढं मान्य करते. पण त्या खटल्यातले वडील 1952 साली वारले होते, मागं विधवा होती. हिंदू वारसा कायदा आला 1956 मध्ये. त्याआधी मेलेल्या बापाच्या मालमत्तेत, विधवा असताना, मुलीला वारसा नव्हता, इतकंच दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं सांगितलं. आमचे आजोबा 1989 ला गेले. त्या निकालाचा आमच्या रानाशी संबंध काय?

संबंध आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या निकालाचा. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, तीन न्यायमूर्ती. त्यात स्पष्ट म्हटलंय की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानं येतो, मुलासारखाच. 9 सप्टेंबर 2005 ला मुलींना समान हक्क देणारी वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही. लग्न झालं की नाही, हा प्रश्नच नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री तेवढी उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी झालीवती" एवढं म्हणणंही सहसा पुरत नाही, त्याला सरकारी कागदाचा आधार लागतो.

बापानं स्वतः कमावलेली जमीन मृत्युपत्रानं एकाच मुलाला दिली, तर लेकीला ती मिळत नाही, हेही खरं. पण मृत्युपत्र नसेल तर ती पहिल्या वर्गाची वारस आहे, 1956 पासून.

हुंड्याचं म्हणाल तर याच उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं 2023 मध्ये सांगितलं की हुंडा दिला म्हणून मुलीचा घरच्या मालमत्तेतला हक्क संपत नाही. तिथला दिवाणी कायदा वेगळा आहे, पण आपल्या वारसा कायद्यातही लग्नखर्चानं वाटा फिटतो असं कुठं लिहिलेलं नाही. आत्तीच्या लग्नात चार भांडी आणि एक पुतळ्याची माळ दिली होती. ती माळसुद्धा पुढं द्राक्षबागेच्या कर्जात भावासाठी मोडली, तिनं स्वतः काढून दिली.

12 वर्षांची मुदत आहे, पण ती मोजायची बहिणीला वाट्यातून वगळल्याचं तिला कळल्यापासून. भाऊ जमीन कसतो, बहीण दिवाळीला गुळाची ढेप घेऊन जाते, याला वगळणं म्हणत नाहीत.

आत्ती सोमवारी गेली नाही. पण ग्रुपवरच्या आणखी कुणी या मेसेजपायी सही केली असेल, तर कागदाची नक्कल काढा आणि फसवलं गेल्याचं ज्या दिवशी कळलं ती तारीख लिहून ठेवा. दस्त रद्द करून मागायला त्या दिवसापासून 3 वर्षं असतात. वकिलाकडं जाताना तो मेसेजही फोनमध्ये तसाच राहू द्या, पुसू नका.