जाणाऱ्याला अडवता येतं

कुणी आत्महत्या केल्याची बातमी आली, की दोन-चार दिवसांत एक मेसेज गावाच्या, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. सार असं : ज्याला खरंच जायचं असतं तो बोलून दाखवत नाही, बोलणाऱ्यांना नुसतं लक्ष हवं असतं, विषय काढला तर डोक्यात नको ते भरतं, एकदा प्रयत्न केलेला पुन्हा करणारच, त्याला देवही अडवू शकत नाही, हा सगळा पळपुटेपणा आहे, आणि घरात असं काही घडलंच तर गुपचूप मिटवा, नाहीतर पोलीस मागे लागतात.

मी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली बाई आहे. आमच्यासारखे वाचलेले आणि ज्यांचं माणूस असं गेलं ते, असा एक गट दर महिन्याला एकत्र बसतो. तिथल्या कुणाचाच अनुभव या मेसेजशी जुळत नाही.

‘बोलणारा करत नाही.’ आम्ही बोललो होतो. मी मावशीला म्हणाले होते, “मला आता कशातच राम वाटत नाही. माझ्यामुळे सगळ्यांना नुसता त्रास.” मावशी म्हणाली, “तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये,” आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. तिचा माझ्यावर जीव आहे. ती घाबरली होती. गटातल्या एका काकूंच्या यजमानांनी किराणा दुकानाची कित्येक महिन्यांची उधारी एका दिवसात चुकती केली, मुलीला वह्या आणून दिल्या, आणि खूप दिवसांनी शांत दिसले. घरच्यांना वाटलं, सावरले. झोप उडणं, जपलेल्या वस्तू देऊन टाकणं, हिशेब मिटवणं, “मी नसले तरी काही अडणार नाही” असं सहज म्हणणं, हे सगळं सांगणंच असतं. काकूंनी ओळखायला हवं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. काही माणसं कसलीच खूण ठेवत नाहीत, आणि मागे राहिलेल्यांवर हा ठपका ठेवणं फार क्रूर आहे. पण ज्याला नुसतं लक्ष हवंय असं तुम्हाला वाटतं, त्याच्याकडे लक्ष द्यायला काय हरकत आहे?

‘विषय काढला की डोक्यात भरतं.’ नाही भरत. याच प्रश्नावरच्या तेरा अभ्यासांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. विचारल्यामुळे असे विचार वाढतात असं एकाही अभ्यासात दिसलं नाही. विचार आधीच तिथे असतात, त्यांच्याबरोबर माणूस एकटा असतो. फक्त विचारताना “काही वेडंवाकडं तर नाही ना मनात?” असं विचारू नका. त्या ‘नाही ना’ला उत्तर एकच येतं, “छे, काहीतरीच काय!” सरळ विचारा, “जीव द्यावा असं मनात येतं का?” आणि उत्तर ‘हो’ आलं तर लगेच उपदेश करू नका, मुलांची शपथ घालू नका. बसा, ऐका.

‘एकदा केलं तो पुन्हा करणारच, अडवून उपयोग नाही.’ या वाक्याने सगळ्यांत जास्त नुकसान केलंय, कारण ते ऐकून माणसं प्रयत्नच सोडतात.

एकदा प्रयत्न केलेल्याला धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हे खरं. पण २००२ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नऊ-दहा वर्षांनंतरही आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण साधारण सात टक्के निघालं. म्हणजे दहातले नऊ तसे जात नाहीत. रिचर्ड सायडन या अमेरिकी अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ऐनवेळी अडवलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं ते १९७८ मध्ये मांडलं. त्यांतले सुमारे ९४ टक्के जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते.

मला याचं नवल वाटत नाही. त्या रात्री मला मरायचं होतं आणि कुणीतरी दार वाजवावं असंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. शेजारणीने वाजवलं. ती वेळ निघून जाते, आणि ती जाईपर्यंत मध्ये काहीतरी आडवं यावं लागतं. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तर पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळपास ७० टक्क्यांनी उतरला. तिथल्या शेतकऱ्यांची दुःखं काही संपली नव्हती. आपल्याकडेही घरातलं माणूस खचलेलं असेल, तर फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवा. याला अविश्वास म्हणू नका.

आणि मग पाठपुरावा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला, त्यात चेन्नईही होतं. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्यांशी तासभर नीट बोलायचं आणि पुढचं दीड वर्ष अधूनमधून, एकूण नऊ वेळा, फोन किंवा भेट. २००८ मध्ये निष्कर्ष आले : नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के आत्महत्येने गेले, संपर्कात ठेवलेल्यांत ०.२ टक्के. मलाही रुग्णालयातल्या समुपदेशक ताई फोन करायच्या. “गोळी चालू आहे ना? झोप लागते का? पुढची तारीख लक्षात आहे?” एवढंच. पण फोन येणार म्हणून मी तोवर असायचं ठरवायचे.

आपल्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने तीस गावांत मानसिक आरोग्याची मदत घरोघरी नेली, गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडून. दीड वर्षात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं.

‘हा पळपुटेपणा आहे.’ २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जण आत्महत्येने गेले, त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. देशभरात गेलेल्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर राबणारे होते. त्यांना पळपुटं म्हणायचं असेल तर माझ्यासमोर म्हणू नका.

‘गुपचूप मिटवा, नाहीतर पोलीस केस.’ गटातल्या एका मुलाला घरच्यांनी दवाखान्यात नेलं आणि सांगितलं, “जिन्यावरून पडला.” खरं कारण लपवलं की डॉक्टरांचा अंदाज चुकतो, मोलाचा वेळ जातो, आणि मानसोपचारतज्ज्ञ तर बोलावलेच जात नाहीत. ही भीती भारतीय दंड संहितेच्या जुन्या ३०९ कलमाची आहे, ज्यात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं ११५ वं कलम सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ उरलंच नाही. सरकारी नोकराला त्याचं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न करणं, एवढाच गुन्हा राहिला. रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते जबाब घेतात. माझाही घेतला. तेवढंच झालं.

जीव धोक्यात असेल तर १०८ ला फोन करा, माणसाला एकटं सोडू नका, डॉक्टरांना खरं सांगा. घरी आणल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक असतात, तेव्हा पुढची तारीख चुकवू देऊ नका. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो नातेवाइकांसाठीही आहे. समोरचा माणूस फोन करायच्या अवस्थेत नसेल, तर तुम्ही करा.