‘संशोधकाची जात कशाला काढता?’

“पुराव्याला जात नसते, लिंग नसतं. संशोधक कोण हे विचारणं म्हणजे त्याचं काम न वाचताच बाद करणं,” असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

पहिला दावा: पुरावा स्वतःच बोलतो. बोलतो, पण तो कोणत्या आळीत गोळा केला? समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. गावाला त्यांनी नाव दिलं रामपुरा. ते ब्राह्मण, उतरले पाटलाच्या मालकीच्या घरात, उठबस वरच्या जातींत. हरिजन आणि मुसलमान वस्तीत जास्त वेळ घालवला असता तर गाव वेगळं दिसलं असतं, हे त्यांनी स्वतःच १९७६ च्या पुस्तकात कबूल केलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण जिथे ते बसत, तिथलंच वहीत आलं.

आता उलट बाजू पाहा. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायका हयात होत्या, त्यांच्या आठवणी शाबूत होत्या. स्वतः दलित असलेल्या लेखिका उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्यांना गाठून मुलाखती घेतल्या, तेव्हा कुठे १९८९ साली त्यांचा इतिहास पुस्तकात आला. पुरावा होताच. त्यांच्या दारात जावंसं मात्र आधी फारसं कुणाला वाटलं नव्हतं.

दुसरा दावा: हे समाजशास्त्रापुरतं, निसर्गविज्ञानाला लागू नाही. माकडांच्या अभ्यासात पूर्वी नजरेत भरेल ते टिपत. निरीक्षक बहुतेक पुरुष, आणि नजरेत भरत धिप्पाड नरांच्या मारामाऱ्या. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये पद्धतीवरच बोट ठेवलं: प्राणी निवडा आणि प्रत्येकाला ठरावीक वेळ पाहा. मग माद्यांचा दिवसही नोंदीत येऊ लागला.

तिसरा दावा: मग दलितांवर दलितांनीच लिहायचं का? नाही. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे शिकायला बर्लिनला गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाशी जोडू पाहणारे ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. बाईंनी कवट्या मोजल्या, संबंध आढळला नाही, आणि प्रबंधात तसंच लिहिलं. तिथे त्या परक्याच होत्या, म्हणजे परक्यालाही नीट पाहता येतं.

म्हणून गावावरचा प्रबंध हाती आला की मी आधी शोधते: संशोधक उतरला कुठे, वाटाड्या कोण होता, चहा कुणाच्या घरी घेतला आणि कुणाच्या घरी नाही. आणि मग तो प्रबंध पूर्ण वाचते.