तीनवाली आणि एकवाली

रिक्षात तीनच प्रवासी बसवायचे हा नियम ज्याने केला, त्याला एकच मूल असणार. आई, बाबा, मूल, संपली मोजणी. आम्ही पाच जण स्टँडवर उभे राहिलो की रिक्षावाला आधी आमच्याकडे बघतो, मग मागच्या सीटकडे, आणि शेवटी मीटर बिघडलाय म्हणतो. वॉटरपार्कचं फॅमिली पॅकेज चौघांचं. हॉटेलची खोली दोन मोठे, दोन लहान अशी. पनीरच्या भाजीत तुकडे आठ. आठाला पाचाने भाग जात नाही हे आमच्या मुलींना शाळेत भागाकार शिकवायच्या आधीच कळलं, आणि तेही रडारडीसकट.

मला तीन मुली. थोरली आणि तिच्या पाठीवर जुळ्या. ‘जुळ्या’ हा शब्द मी घाईघाईने आधी घालते, कारण नुसतं ‘तीन मुली’ म्हटलं की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर ‘मुलासाठी चान्स घेतलेला दिसतोय’ असं स्वच्छ उमटतं. जुळ्या म्हटलं की ती ‘अय्या!’ म्हणते आणि माझी निर्दोष सुटका होते. सरकारनेही सोडलंय. मी सरकारी नोकरीत. महाराष्ट्रात लहान कुटुंबाचे 2005 चे नियम आहेत, दोनपेक्षा जास्त मुलं झाली की नोकरीला अपात्र. पण पहिल्या मुलानंतर एकाच बाळंतपणात जितकी होतील, ती सगळी मिळून एकच घटक धरतात. म्हणजे कागदोपत्री आमचं कुटुंब लहान आहे. दूधवाल्याला मात्र हा नियम लागू नाही.

सोसायटीतली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण एकवाली. तिच्या मुलाच्या डब्याला पाच कप्पे, आणि पाचही कप्प्यांत काहीतरी वेगळं असतं. आमच्याकडे तीन डब्यांत मिळून एकच भाजी, तीही कालची. तिचा मुलगा “आई, मला आत्ता राग आलाय” असं शांतपणे सांगतो. आमच्याकडे राग आला की दारं आपटतात आणि खालचे आजोबा वर येतात. मी मुलींना हाक मारताना तिघींची नावं ओळीने घेते, अधूनमधून नवऱ्याचंही. ज्याचं काम असेल तो येतो. हे ऐकलं की ती काही बोलत नाही, नुसती पाण्याचा घोट घेते. तो घोट मला ऐकू येतो.

मीही काही कमी नाही. “एकाच मुलामागे इतकी दमतेस?” हे वाक्य मी मनात ठेवते, पण ते भुवयांतून सांडतं. एकदा तिचा मुलगा दुपारी आमच्याकडे राहिला. घरी त्याला दोन गोष्टी आणि एक गाणं झाल्याशिवाय घास जात नाही. आमच्याकडे तो तीन मुलींच्या मधोमध बसला आणि न बोलता दोनदा वरण-भात मागून घेतला, कारण तूप संपत चाललेलं त्याने बघितलं. मी हे कौतुकाने सांगायला गेले. तिला वाटलं, मी तिच्या वरणाला नावं ठेवतेय. (थोडी ठेवत होतेच.) पुढचे काही दिवस लिफ्टमध्ये आम्ही दोघी मजल्यांचे आकडे बघत उभ्या.

आमचं जुळवून दिलं ते दोनवाल्यांनी. चौकोनी कुटुंबाचा तोरा काय असतो, तो सोसायटीच्या सत्यनारायणाला बघावा. तिला म्हणतात, “एकटा पडेल हो पुढे.” मला म्हणतात, “बाई गं, कसं काय निभावतेस!” यात कौतुक किती आणि हळहळ किती, हे प्रसादाच्या शिऱ्यातल्या केळ्यासारखं, वेगळं काढता येत नाही.

यंदा एका निवृत्त काकांनी आम्हा दोघींना एकदमच घेतलं. पुण्यात हा विषय निघाला की कुणीतरी र. धों. कर्वे काढतंच, काकांनी काढले. 1921 साली त्या माणसाने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि तुम्ही शिकल्या-सवरलेल्या बायका... वगैरे. आपले दोन मुलगे कसे बरोबर बेताचे, हेही ओघात आलंच. माझी मैत्रीण शिऱ्याचा द्रोण खाली ठेवून म्हणाली, “काका, कर्व्यांना एकही मूल नव्हतं. त्यांच्या हिशेबाने तुमचे दोन जास्त झाले.” काका आरतीचं ताट शोधायला निघून गेले. तिचा एक, माझ्या तीन, सरासरी दोन. आम्ही दोघी मिळून सरकारी घोषणेत चपखल बसतो, हा शोध त्याच संध्याकाळी लागला.

त्यामुळे आता तिच्या मुलाला भाऊबीजेला ओवाळायला माझ्या तिघी जातात. तीन ताटं, तीन निरांजनं, आणि एकटा तो पाटावर राजासारखा. “बहीण नाही बिचाऱ्याला” म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाल्यामुळे तीही खूश होती. मग तिने ओवाळणी काढली. पाकिटं दोनच. एक थोरलीला, एक जुळ्यांत मिळून.

“अगं, तीन आहेत,” मी म्हटलं.

“एकाच बाळंतपणातल्या ना? मग एक घटक,” ती म्हणाली. “नियम तूच सांगितलास.”