तेलाची वाटी खाली ठेव, आई

मंगळवारी संध्याकाळी माहेरी गेले तर आई गॅसपाशी उभी. कढल्यात तिळाचं तेल, तेलात लसणाच्या पाकळ्या तडतडतायत. आत पलंगावर भाऊ पायजमा गुडघ्याच्या वर घेऊन तयार. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, "ग्रुपवर आलंय की. काकूनं पाठवलंय."

भाऊ चौतीस वर्षांचा, कबड्डीत रेडर. डाव्या खुब्यात मांडीच्या हाडाचा जो गोळा बसतो त्याला रक्त पोचेना म्हणून तो गोळा खचत गेला आणि शेवटी बारा दिवसांपूर्वी पूर्ण खुबा बदलावा लागला. मेसेजचं नाव 'खुब्याच्या ऑपरेशननंतर खेळाडूंनी घरी काय करावे'. नऊ मुद्दे, शेवटी जोडलेले हात. त्यात म्हटलंय की रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा, त्याऐवजी रोज उपाशीपोटी लसणाच्या पाच पाकळ्या खा, कारण खेळाडूचं रक्त मुळातच वाहतं असतं, त्याला गुठळी होत नाही. पोटरीपासून मांडीपर्यंत गरम तेलानं दोन वेळा जोरात मालिश करा. उकिडवं बसा, खुबा मोकळा होतो. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरा. हळदीचं दूध प्या. आणि टेनिसपटू अँडी मरेसारखं दीड महिन्यात मैदानात उतरा.

मी आधी गोळ्यांची स्ट्रिप मोजली. दोन गोळ्या जास्त निघाल्या.

तिथं माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहितेय. बाकीचे मुद्दे नुसते येडचाप आहेत, पण गोळ्या बंद करायचा हा मुद्दा जीव घेऊ शकतो. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये मांडीचं हाड कापतात, शिरांना धक्का बसतो, जखमेमुळे रक्त लवकर गोठू लागतं, वर माणूस पडून राहतो. पायातल्या खोल शिरेत गुठळी व्हायला याहून जास्त काही लागत नाही. ती सुटून फुप्फुसात गेली तर डॉक्टरपर्यंत पोचायलाही वेळ मिळेलच असं नाही. ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेची 2018ची मार्गदर्शिका सरळ सांगते, की खुबा बदलल्यावर 10 दिवस रक्त न गोठण्याची इंजेक्शनं आणि पुढे 28 दिवस कमी मात्रेची ॲस्पिरिन, हा एक पर्याय. रिव्हारॉक्सॅबॅनची गोळी हा दुसरा. ती खुब्यासाठी 35 दिवस घेतात आणि आमच्याकडे तीच चालू आहे. यातल्या कुठल्याच पर्यायात लसूण नाही. लसूण शेंगाचटणीत घाला, छान लागतो.

आणि खेळाडूला गुठळी होत नाही? सेरेना विल्यम्सला 2011मध्ये फुप्फुसात गुठळी झाली होती. आदल्या वर्षी काचेनं पाय कापला, त्यावर ऑपरेशनं झाली, त्यानंतरची ही गोष्ट. तिच्यापेक्षा 'वाहतं रक्त' आमच्या गल्लीत कुणाचं आहे ते काकूनं सांगावं.

आता तेल. ऑपरेशनच्या पायाची पोटरी सुजलेली असताना ती जोरात रगडणं म्हणजे आत गुठळी असलीच तर तिला वर ढकलणं. वर टाके अजून निघालेले नाहीत, तेलाचा हात तिथं लागला तर जंतूंना आमंत्रणच. मी आईच्या शिलाई मशीनवरची टेप घेतली. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या खाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डॉक्टर गुठळीचा अंदाज बांधताना तिथंच मोजतात आणि तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक धोक्याच्या खुणांमध्ये धरतात. आमचा फरक दीड भरला. पण दोन गोळ्या चुकलेल्या, म्हणून सर्जनना फोन केला. त्यांनी चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका, आजची आजच घ्या, असं सांगून सकाळी डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांतलं रक्त बघायची सोनोग्राफी, करायला लावलं. गुठळी नव्हती. ती रात्र कशी गेली ते मात्र कुणी फॉरवर्ड करणार नाही.

पोटरीतलं रक्त हलतं ठेवायला मालिश लागतच नाही. पंजा वर-खाली, वर-खाली, जागेपणी दर तासाला. भाऊ कबड्डीच्या जुन्या मॅच बघत ते करतो. सुजेवर शेक नाही, बर्फ. सोलापुरात टॉवेलांना काय तोटा, एकात गुंडाळायचा आणि लावायचा.

उकिडवं बसायचं तर नावच नको. भावाला मागच्या बाजूनं चीर दिली आहे. अशा वेळी बहुतेक सर्जन सुरुवातीचे काही आठवडे कमरेत 90 अंशांपेक्षा जास्त वाकू देत नाहीत, पायावर पाय टाकू देत नाहीत, पंजा आत वळवू देत नाहीत, कारण नवा सांधा निखळू शकतो. म्हणून पलंगाच्या पायांखाली विटा आल्या, भाड्यानं कमोडची खुर्ची आली आणि ताट टेबलावर गेलं. नळाला पाणी आलं की बादली उचलायला हा आपणहून उठतो, त्याला ओरडून बसवावं लागतं, तो भाग वेगळा.

काठी चांगल्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. हळदीच्या दुधावर मी भांडणार नाही, पेलाभर प्यायलं तर प्यायलं, दुधातलं प्रोटीन तरी पोटात जाईल.

राहिला अँडी मरे. इथं मेसेज अर्धा खरा आहे, हे नाइलाजानं मान्य करते. जानेवारी 2019मध्ये त्याचं ऑपरेशन झालं, जूनमध्ये त्यानं लंडनला फेलिसियानो लोपेझबरोबर दुहेरीची स्पर्धा जिंकली आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला वावरिंकाला हरवून एकेरीचीही. म्हणजे पहिल्या विजयालाच जवळजवळ पाच महिने लागले, दीड नाही, तेही दुहेरीत. शिवाय त्याचा गोळा कापून काढलेला नव्हता, घासून त्यावर धातूची टोपी बसवली होती. भावाचा गोळा मानेसकट गेला, मांडीच्या हाडात दांडा बसलाय. आणि टेनिसमध्ये जाळीपलीकडून कुणी येऊन तुमची मांडी धरत नाही. रेडरची धरतात.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकूचं उत्तर आलं, "मी काय डॉक्टर आहे का, आलं तसं पाठवलं." आईनं ते लसणाचं तेल बरणीत भरून ठेवलंय, तिच्या स्वतःच्या गुडघ्यांना. कालनिर्णयवर गोळीच्या दिवसांवर फुल्या मारायचं काम आता भाच्याकडे दिलंय, तो पाचवीत आहे आणि एक दिवस सोडत नाही.