बारावा गडी आणि सीमोल्लंघन

अमेरिकेत येऊन तुम्हाला पंधरा वर्षं झाली. घर झालं, मिनीव्हॅन झाली, पोरगं विद्यापीठात गेलं. आणि अजूनही शनिवारी चारचौघांत ‘हे पिवळं फडकं कशाला टाकलं हो?’ असं विचारता? शोभत नाही. इथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये खेळ नाही कळला तरी चालतो, नियम कळावे लागतात. तेही नाही जमलं तर निदान कळल्यासारखा चेहरा करावा. भुवया थोड्या वर, मान नकारार्थी, आणि तोंडाने फक्त ‘अहो, हे गेल्या वर्षी बदललं ना!’ एवढं वाक्य तुम्हाला दिवाळीपर्यंत पुरेल, कारण इथे काही ना काही गेल्या वर्षी बदललेलंच असतं.

पायाभूत शिक्षण दोन ओळींत संपवू. अकराविरुद्ध अकरा, दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, मैदानात आठ पंच. त्यांतल्या एकाचीच टोपी पांढरी. ती ज्याच्या डोक्यावर, त्याने शिव्या खायच्या. कुणाची चूक दिसली की पंच पिवळं फडकं टाकतात. बाकी सगळं नियमांचं पुस्तक ‘बैल गेला आणि झोपा केला’ या आपल्या म्हणीची वाढवलेली आवृत्ती आहे. म्हणून नवा नियम आला की तो काय आहे हे विचारत बसू नका. बैल कुणाचा गेला ते विचारा.

आमचा गेला तो ऐन दसऱ्याला.

12 ऑक्टोबर 2024, शनिवार. आम्ही ओहायोत राहतो, मुलगा ओहायो स्टेटला आहे. म्हणजे संघ त्याचा आणि फी माझी. दुपारी मंडळाच्या कार्यक्रमात सोनेरी कागदाची आपट्याची पानं वाटून झाली आणि संध्याकाळी साडेसातला पाच कुटुंबं आमच्या बेसमेंटमध्ये जमली. सामना तिकडे युजीनला, ऑरेगनच्या घरच्या मैदानावर. रात्री अकराच्या सुमारास स्थिती अशी : ऑरेगन 32, आम्ही 31. दहा सेकंद शिल्लक, चेंडू आमच्याकडे, त्यांच्या हद्दीत 43 यार्डांवर. एक बऱ्यापैकी पास आणि त्यावर एक फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून पार), की सोनं लुटून घरी. तेवढ्यात ऑरेगनने मैदानात बारा गडी उभे केले. अकरांचं काम बारांनी केल्यावर व्हायचं तेच झालं, पास कुणाच्याच हाती लागला नाही. फडकं पडलं. आम्ही नाचलो. एकाच्या वाटीतलं श्रीखंड कार्पेटवर सांडलं, तो डाग अजून आहे.

मग पांढऱ्या टोपीने दंड जाहीर केला. पाच यार्ड. आणि घड्याळ? या चुकीला पंच खेळ थांबवत नाहीत, फडकं टाकून खेळ पुढे चालू देतात. त्यामुळे त्यात गेलेले चार सेकंद गेलेच. उरले सहा. पुढच्या खेळात आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, विल हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरून खाली बसला, आणि घड्याळावर शून्य.

हिशेब नीट समजून घ्या, पुढे आयुष्यात उपयोगी पडेल. पाच यार्ड मोजून चार सेकंद विकत घेतले. शेवटच्या दहा सेकंदांत इतका स्वस्त माल कुठे मिळत नाही. ऑरेगनचे कोच डॅन लॅनिंग यांना नंतर विचारलं, तर त्यांनी, क्वचित येणाऱ्या अशा प्रसंगांची आम्ही तयारी करून ठेवतो, अशा अर्थाचं काहीतरी सुचवलं. दसऱ्याला सीमोल्लंघन करतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत. पण एक गडी जास्तीचा हद्दीच्या आत पाठवूनही ते साधतं, हे कळायला ऑरेगनला जावं लागलं. (पुढे 1 जानेवारीला रोझ बोलमध्ये आमच्या पोरांनी याच ऑरेगनला 41-21 ने उट्टं काढून दाखवलं. पण तक्रार तक्रारीच्या जागी.)

आठवड्याच्या आत झोपा तयार. प्रत्येक अर्ध्याच्या शेवटी दोन मिनिटं उरली की एक टाइमआउट आपोआप मिळतो, तोही त्याच वर्षी आलेला नियम. त्या टाइमआउटनंतर बचाव करणाऱ्यांनी बारा जण ठेवले आणि बाराही खेळात सहभागी झाले, तर दंड तर आहेच, शिवाय समोरचा संघ मागेल तर घड्याळही मागे फिरवायचं. झालं, न्याय मिळाला, असं वाटतंय ना तुम्हाला? पुढचं वाक्य वाचा. बारावा गडी बाहेर जायच्या प्रयत्नात असेल आणि खेळावर त्याचा काही परिणाम झाला नसेल, तर नुसता पाच यार्डांचा दंड. घड्याळाला हात नाही.

इथे मराठी माणसाने पुढे यायला हवं. ‘बाहेर जायच्या प्रयत्नात असणं’ यात आपल्याइतकी तयारी जगात कुणाची नाही. दहा वाजता ‘चला, निघतो’ म्हणायचं. सव्वादहाला चपला घालायच्या. साडेदहाला दारात एक पाय आत, एक बाहेर, आणि नेमका तेव्हाच पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्याचा विषय काढायचा. हा माणूस निघालेला आहे का? आहे. घरात आहे का? तेही आहे. संभाषणावर त्याचा काही परिणाम होतोय का? यजमानीणबाईंना विचारा. ऑरेगनला तशी अडचण आलीच, तर आमच्या मंडळातले दोन ज्येष्ठ सभासद बारावा गडी म्हणून पाठवायची आमची तयारी आहे. तोंड बाकाकडे, पाय संथ, हात ‘येतो हं’ अशा अवस्थेत. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या, क्षणी तो जात होता की राहत होता, हे आठ पंच मिळूनही ठरवू शकणार नाहीत.

दुसरा धडा पडण्याचा. समोरचा संघ भराभर खेळतोय, आपल्या बचावफळीला धाप लागली आहे, टाइमआउट तर वाया घालवायचा नाही. अशा वेळी एखाद्याच्या पोटरीत एकाएकी गोळा यायचा. गडी आडवा, खेळ थांबला, बाकीच्या दहांनी पाणी प्यायलं. जखमी वीर एका खेळापुरता बाहेर जाऊन ताजातवाना परत. या साथीवर 2025 मध्ये औषध निघालं : पुढच्या खेळासाठी पंचांनी चेंडू मांडल्यावर जखमी गड्याला पाहायला डॉक्टर मंडळींना मैदानात यावं लागलं, तर त्या संघाचा एक टाइमआउट कापायचा. टाइमआउट शिल्लक नसेल तर पाच यार्ड.

आता हा नियम लावून बघा. एका पोराचा पाय खरंच मुरगळला आहे. आईबापांनी त्याला ‘एवढ्यातेवढ्याने रडायचं नाही’ असं शिकवलेलं. तो उठतो, दात-ओठ खातो, ‘काही नाही झालं’ म्हणत लंगडत आपल्या जागेवर येतो, आणि मग मटकन खाली बसतो. चेंडू मांडून झालेला आहे. टाइमआउट गेला. दुसरा पोरगा ठणठणीत आहे. बाकावरून इशारा आला, तो तिथल्या तिथे धारातीर्थी पडला. चेंडू अजून पंचाच्या हातात. बिल शून्य. तेव्हा माझा सल्ला असा की सोंग करायचं तर वक्तशीर करावं. दुखणं खरं असेल तर मात्र काही इलाज नाही.

पडण्यावरूनच केनी पिकेटची आठवण काढली पाहिजे. 4 डिसेंबर 2021, शार्लट, पिट्सबर्गविरुद्ध वेक फॉरेस्ट. क्वार्टरबॅक पाय पुढे टाकून घसरायला लागला की तो शरण आला असं धरतात. मग त्याला हात लावायचा नाही, लावला तर दंड. पिकेटने पळता पळता घसरल्यासारखं केलं, बचावातले गडी सभ्यपणे थांबले, आणि हा सरळ उभा राहून शेवटच्या रेषेपार, टचडाउनपर्यंत गेला. 58 यार्ड. काही दिवसांतच फर्मान निघालं की घसरण्याचं नाटक केलं तर तिथेच खेळ संपला. टचडाउन मात्र पिकेटचंच राहिलं. बैल ज्याने नेला त्याला तो परत करायला सांगायची पद्धत या खेळात नाही, एवढं टिपून ठेवा.

आता रिप्ले. पूर्वी व्हिडिओ पाहून पांढरी टोपी तीनपैकी एक वाक्य बोलायची. निर्णय पक्का, म्हणजे आम्हाला स्पष्ट दिसलं. निर्णय तसाच राहतो, म्हणजे आम्हाला धड काही दिसलं नाही, तेव्हा आधीचंच चालू द्या. निर्णय फिरवला, म्हणजे आमचं चुकलं. यातलं मधलं वाक्य मला फार आवडायचं. जगात दुसरा कुठला अधिकारी लाख माणसांसमोर माइकवरून ‘कळत नाही बुवा’ असं कबूल करतो? 2025 पासून ते गेलं. आता निर्णय एक तर कायम, नाही तर रद्द. धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ निदान पुटपुटलं तरी होतं. इथे पुटपुटण्याचीही सोय काढून घेतली. घरी वाद झाला तर हाच नमुना वापरा. आपल्याला काय आठवतंय हे न सांगता ‘कायम’ म्हणायचं आणि वर्तमानपत्र उघडायचं.

सामने लांबू नयेत म्हणूनही नियम करतात. 2018 मध्ये टेक्सस ए अँड एम आणि लुइझियाना स्टेट बरोबरीनंतर सात ओव्हरटाइम (जादा फेऱ्या) खेळले, 74-72. पोरं दमतात, म्हणून 2021 पासून तिसऱ्या ओव्हरटाइमपासूनच नुसते दोन गुणांचे प्रयत्न ठेवले : तीन यार्डांवरून एकदा तू, एकदा मी, विषय संपवा. त्याच मोसमात 23 ऑक्टोबरला इलिनॉय आणि पेन स्टेट नऊ ओव्हरटाइम खेळले. ओळीने पाच फेऱ्या दोघांनाही भोपळा. तीन यार्ड, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापासून फ्रिजपर्यंतचं अंतर, ते दहा प्रयत्नांत कुणाला पार करता आलं नाही. अखेर इलिनॉय 20-18. प्रयोजन काय विचारू नका. नियम कायम.

पण नियम जुनाच असेल आणि ऐन वेळी सगळ्यांनाच विसर पडला तर काय, हा उच्चस्तरीय प्रश्न आहे. 10 सप्टेंबर 2016 : ओक्लाहोमा स्टेटने वेळ संपवण्यासाठी चेंडू मुद्दाम भिरकावला, घड्याळ संपलं, फडकं पडलं. या दंडात प्रयत्नही वजा होतो, म्हणून त्यावर जादा खेळ मिळत नाही. पंचांनी दिला. सेंट्रल मिशिगनने त्या एका खेळात लांब पास, मग बाजूच्याला चेंडू, आणि टचडाउन, असं सगळं साधून 30-27 ने सामना घेतला. चूक मान्य झाली, पंच निलंबित झाले, निकाल तसाच.

चार प्रयत्नांच्या खेळात पाचवा देण्याची परंपराही जुनी आहे. 1940 मध्ये कॉर्नेलने डार्टमथला पाचव्या प्रयत्नावर हरवलं. मग कॉर्नेलच्याच मंडळींनी फिल्म पाहिली, लाजले, आणि विजय सोडत असल्याचं कळवलं. डार्टमथ 3-0. बरोबर पन्नास वर्षांनी, 6 ऑक्टोबर 1990 ला, कोलोरॅडोने मिझुरीला तसंच पाचव्या प्रयत्नावर 33-31 ने हरवलं. कोलोरॅडोने काहीही कळवलं नाही आणि मोसमाअखेर राष्ट्रीय अजिंक्यपदात वाटा मिळवला. या दोनांपैकी कुणाचा कित्ता गिरवायचा, ते तुमच्या मुलाच्या स्कॉलरशिपवर अवलंबून आहे.

आणि व्हिडिओला मनाई असलेल्या जागी? पास पकडणाऱ्याला अडवलं की नाही, हा निर्णय कॉलेज फुटबॉलमध्ये रिप्लेवर तपासता येत नाही. 19 ऑक्टोबर 2024 ला, आमच्या दसऱ्यानंतर आठवड्याने, ऑस्टिनमध्ये जॉर्जियाविरुद्ध टेक्ससवर असाच दंड पडला आणि त्यांनी मध्येच झेलून हिसकावलेला जॉर्जियाचा पास हातचा गेला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या. मैदान साफ होईपर्यंत खेळ थांबला, त्या वेळात पंचांनी डोकी एकत्र केली, आणि फडकं परत खिशात गेलं. टेक्ससला नंतर अडीच लाख डॉलर दंड झाला, सामनाही 30-15 ने गेला. तरी दर कळला. घरच्या घरी हा प्रयोग करू नये, कार्पेटची किंमत मला ठाऊक आहे.

राहता राहिला हातांचा नियम. सामना सुरू करणारी किक आली की कधी कधी चेंडू घेणाऱ्या संघातला एखादा गडी दोन्ही हात आडवे पसरतो : सोड, पळू नकोस. समोरचे सैल पडायचे आणि दुसराच कुणीतरी चेंडू घेऊन धूम ठोकायचा. 2025 पासून संघातल्या कुणीही असे हात पसरले की चेंडू मेला, म्हणजे खेळ तिथेच थांबला. कुणीही, हे महत्त्वाचं. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने बघितलं असो वा नसो.

परवा हाच नियम मी बेसमेंटमध्ये समजावून सांगत होतो. अकरा वाजून गेले होते. देशपांडेकाका जोडे घालून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, बाहेर जायच्या प्रयत्नात. मी म्हणत होतो की बारावा गडी आणि हात पसरणं एकाच खेळात घडलं तर दंड आधी कुठला, हा खरा कूटप्रश्न. दोघांनी बाह्या सरसावल्या. काका एक पायरी खाली उतरले. तेवढ्यात जिन्याच्या वरच्या टोकाला बायको येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. दोन्ही हात आडवे पसरून एका हाताने इकडची भिंत धरली, दुसऱ्याने तिकडची.

चेंडू तिथेच मेला. काका दोन मिनिटांत गाडीत होते.