चार्ट शांत आहे म्हणून चेंबर सारखे ठरत नाहीत

चिपच्या कारखान्यात एकच काम करणाऱ्या मशीनपैकी बाकीच्यांशी न जुळणारं कसं शोधावं, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्या मशीनचे कंट्रोल चार्ट (मोजमापं काळाच्या क्रमाने मांडणारे आलेख) मर्यादेत असतील तर न जुळणारं मशीन शोधणं हा रिकामा उद्योग आहे, आणि शोधायचंच असेल तर ॲनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) चालवा, पी-व्हॅल्यू (मशीन सारखी असूनही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली गेली की सापडला चोर.

आधी माझी चूक कबूल करतो. लेखातला आलेख मी लॉटच्या, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या वेफरच्या (सिलिकॉनच्या चकत्यांच्या) गठ्ठ्याच्या, सरासरीवर काढला होता. त्यात काहीच दिसत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. दिसणारच नाही! समजा, दोन चेंबरच्या (वेफरवर प्रक्रिया होते त्या बंद कप्प्यांच्या) मशीनमध्ये 25 वेफरचा लॉट गेला. विषम क्रमांकाचे 13 वेफर एका चेंबरात, सम क्रमांकाचे 12 दुसऱ्यात. पहिला 100 नॅनोमीटरचा थर बसवतो, दुसरा 102 चा. सरासरी 100.96, आणि प्रत्येक लॉटला तीच. चार्टवरची रेघ कशी सरळ. तेच आकडे वेफरच्या क्रमाने मांडले की करवतीचे दाते उमटतात. अमेरिकी अभियंता शूहार्टने 1924 मध्ये मांडलेला हा कंट्रोल चार्ट विचारतो ते एवढंच, की प्रक्रिया कालच्यासारखी चालली आहे का. शेजारच्यासारखी चालली आहे का, हे त्याच्या गावीही नसतं.

पी-व्हॅल्यूचं मात्र पटलं नाही. चिप बनवण्याच्या 400 पायऱ्यांवर तुमची चाचणी लावली, तर सगळी मशीन जुळी असली तरी वीसेक पायऱ्या विनाकारण पकडल्या जातील. बेंजामिनी आणि हॉखबर्ग या संख्याशास्त्रज्ञांची, अनेक चाचण्यांतले खोटे इशारे आवरणारी 1995 ची पद्धत वापरली की ही गर्दी ओसरते. पण तीन नंबरच्या एचरवर (थर कोरणाऱ्या मशीनवर) जाणारे बहुतेक लॉट दोन नंबरच्या स्कॅनरवरूनच (नक्षी छापणाऱ्या मशीनवरूनच) आले असतील, तर यील्ड (चांगल्या चिपचं प्रमाण) कोणामुळे पडला? आकडे दोघांकडेही बोट दाखवतात. (कधीकधी दोघंही निर्दोष असतात, मोजणाऱ्या यंत्रांचंच आपसात पटत नसतं.) अशा वेळी लॉट फोडून अर्धे वेफर दुसऱ्या वाटेने पाठवावे लागतात. उत्पादनवाले कुरकुरतात, पण दुसरा इलाज मला तरी माहीत नाही.

‘रेसिपीत (मशीनच्या ठरलेल्या सेटिंगमध्ये) वेळ थोडा कमी करा, झालं,’ असंही तुम्ही लिहिलंय. जाडी जुळेल. पण दुसऱ्या चेंबरचं तापमानच वेगळं असेल तर थराची घनता वेगळीच राहील, आणि पुढचा एचर तो थर वेगळ्या वेगाने खाईल.