हवा काय जाडी असते का?

जळगावातल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी काल मला फर्मावलं, "डक्ट जरा चपटी करून टाका." डक्ट म्हणजे एसीची गार हवा नेणारा पत्र्याचा चौकोनी बोगदा. बाहेर मे महिना, माझाही पारा तेवढाच.

हिशोब साधा होता. 15 टनांचं एसी युनिट, टनाला 400 धरून 6000 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा. मीटरमागे घर्षणात 0.8 पास्कल दाब जाऊ दे असं सांगितलं, तर साडेतीनशे मिलिमीटर उंचीत सॉफ्टवेअरनं सव्वा मीटरची रुंदी दिली. मग पीओपीवाल्याला छतात कमळं फुलवायची हुक्की आली. मला उरले 250 मिलिमीटर. रुंदी थेट 2 मीटर! उंचीच्या आठपट. चौपटीपुढं जाऊ नये म्हणतात. पत्रा उगाच वाढतो, थरथरतो. पण कमळं फोटोत येतात, हवा येत नाही.

शेजारी मालकांचे मामा स्क्रीनला नाक लावून बसलेले.

"हे निळं काय हाये भो?"

"डक्ट, मामा."

"इतली मोठी? हिच्यात तर नवरदेव झोपीन! हवाच न्यायची ना? हवा काय जाडी असते का?"

"लहान केली तर हवेचा वेग वाढतो मामा. आवाज होतो."

"होऊ द्या ना. लग्नात काय कमी वाजतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मामांनी तंबाखू मळत पुढचा सिद्धांत मांडला, "आन् समोरची खिडकी उघडी ठेवा. आमच्या घरी कूलरले तसंच करतो."

आता खानदेशात कूलरविरुद्ध बोलायची सोय नाही. इथल्या कोरड्या उन्हात ओल्या वाळ्यातून आलेलं वारं खरोखर गार लागतं, आणि दमट हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागतेच. पण एसीची खिडकी उघडली की तुम्ही मेहरूणचा तलाव गार करायला निघालात! मामांना हे पटेना. मालकांना मामांचं पटलं. आपण घर्षणाचे पास्कल मोजायचे, आणि निर्णय तंबाखूच्या चिमटीत. पहिल्या लग्नात घामाघूम झालेले वऱ्हाडी शिव्या कमळांना देणार नाहीत, मला देतील. बिलाचा विषय काढला, तर "आधी गार तर होऊ द्या."

मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात मामांनी माझा हात धरला.

"चालूच हाये तर आमच्या कूलरचंही पाहून टाका ना भो. मागच्या खोलीत वारं पोचत नाही."